झाकलेली ओळ

प्रोग्रामला काम एकच होतं. रोज संध्याकाळी ताईंचं शीट उघडायचं, वरपासून खालपर्यंत एकेक ओळ वाचायची, उद्या सकाळी कुणाला कुठून घ्यायचं ते ठरवायचं आणि गाडीवाल्यांच्या मोबाइलवर पत्ते पाठवून द्यायचे.

आजवर हे ताईच करत आल्या होत्या. डायलिसिस केंद्रात काचेमागे बसायच्या त्या ताई. चष्मा कपाळावर सरकवून, नाक स्क्रीनला टेकेल इतकं जवळ जाऊन त्या शीट वाचत आणि एकेका गाडीवाल्याला फोन लावत. आता त्या निवृत्त होणार होत्या. त्यांच्या जागी माणूस घ्यायचा नाही, शीट आहे तसं राहू द्यायचं आणि फोनचं काम तेवढं प्रोग्रामवर सोपवायचं, असं केंद्राने ठरवलं.

ज्या ऑफिसला हे काम मिळालं तिथे सूनबाई प्रोग्रामर होती. सूनबाई हे काही तिचं नाव नव्हे. पण सासू-सासऱ्यांबरोबर ती इतकी वर्षं केंद्रात येत-जात होती, की सासू ज्या हाकेने तिला बोलवायची तीच हाक तिथे सगळ्यांच्या तोंडी बसली. सासू थंडीत गेली. हाक राहिली. ऑफिसातल्या साहेबांनी तिला बाजूला घेऊन विचारलं होतं, की तुम्हाला जड जात असेल तर हे काम दुसऱ्या कुणाला देतो. ती नको म्हणाली. तिला जड जात नव्हतं. सासू गेल्यापासून तिला जडही काही वाटत नव्हतं आणि हलकंही नाही. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा, नंतर माणसं भेटायला येत होती तेव्हा, तिच्या डोळ्यांतून पाणी आलं नाही. सगळे म्हणाले, सूनबाई खंबीर आहे. तिने चहाचे कप विसळले.

शीट आणि जावा, म्हणजे प्रोग्राम जिच्यात लिहायचा ती संगणकाची भाषा, यांची गाठ घालणं तसं अवघड नव्हतं, पण किचकट होतं. शीट माणसाने माणसासाठी केलेलं. ताईंनी कुठे फोन नंबर आकड्यात लिहिला होता, कुठे "मुलाचा लावा, हा उचलत नाही" असं वाक्यच लिहून ठेवलं होतं. आकड्यातला फोन नंबर जावाने उचलला की त्याला दशांश चिन्ह फुटायचं. रिकामी चौकट आली की प्रोग्राम जागच्या जागी कोसळायचा. ताई शीट उघडं ठेवून जेवायला गेल्या की प्रोग्राम बाहेर ताटकळायचा. सूनबाई एकेक अडचण शांतपणे सोडवत गेली. हळू बोलायची, ताईंना कधी "असं का लिहिलंत" म्हणून विचारायची नाही.

"जावा म्हणता?" ताई पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या. "मला दोन जावा आहेत. एकीशी बोलणं नाही आणि दुसरी बोलू देत नाही. ही तिसरी कशी निघते बघू."

ही तिसरी जाऊ पहिल्या ओळीला शून्य म्हणते, हे कळल्यावर ताईंना आणखी गंमत वाटली. पहिल्या ओळीत एक निवृत्त हवालदार होते. त्यांना हे सांगू नका, त्या म्हणाल्या, तरातरा निघून जातील.

तपासणीसाठी ताईंनी नमुन्याचं एक छोटं शीट करून दिलं. त्यावर प्रोग्राम बिनचूक चालला. मग खरं शीट जोडलं, आणि संध्याकाळी पत्ते आपोआप गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सूनबाईच्याच दारात आली.

उठल्यापासून देवापुढे दिवा लावून जप पुरा होईपर्यंत सूनबाई बोलत नसे. हा नेम लग्नाच्याही आधीचा. घरात तो सगळ्यांच्या अंगवळणी पडला होता. तिचा नवरा दुसऱ्या गावी नोकरीला होता आणि सुट्टीला यायचा. तोही सकाळी उठला की तिला विचारायचं ते हातवारे करून विचारायचा, जणू नेम त्याचाच आहे. घरात एरवी ती आणि तिचे सासरे, आप्पा, एवढेच. आप्पा एकेकाळी बसचे कंडक्टर होते. आई, म्हणजे सूनबाईची सासू, गेल्यापासून ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असत. विचारलं तर हो किंवा नाही म्हणत. कपडे बदला म्हटलं तर बदलत, म्हटलं नाही तर नाही. जिना उतरून खाली म्हणून ते गेलेच नव्हते.

जप अर्धा झाला होता. खालून हॉर्न वाजला. दोनदा, आखूड. गाडीवाले मामा असाच वाजवायचे.

सूनबाईची बोटं मण्यावर थांबली. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आप्पा उठले. आतल्या खोलीत गेले, आईंना केंद्रात नेताना घ्यायची ती पलंगाखालची निळी पिशवी ओढून बाहेर काढली. ती भरलेलीच होती, कुणी रिकामी केलीच नव्हती. त्यांनी धुतलेला शर्ट घातला, पायांत चपला सरकवल्या आणि कठड्याला धरून ते जिना उतरू लागले.

त्यांना हाक मारायला हवी होती. नेम मोडला असता तर देवाने काही तिला जाब विचारला नसता, तेवढं तिला ठाऊक होतं. पण तिच्या गळ्यातून शब्द आला नाही, आणि तो नेमाने आला नाही की दुसऱ्या कशाने, हे तिलाही सांगता आलं नसतं. खिडकीतून तिने पाहिलं. मामा खाली उतरले, आप्पांच्या पाठीवर हात ठेवून काहीतरी बोलले, मामांनी पुढे केलेल्या मोबाइलकडे आप्पांनी बराच वेळ पाहिलं, मग मान हलवली आणि ते गाडीत चढले. खिडकीशेजारच्या जागेवर बसले.

तिने उरलेला जप पुरा केला. ऑफिसला गेली. शीट उघडलं. शीटमध्ये आईंची ओळ कुठेच नव्हती. मग डाव्या बाजूच्या ओळींच्या आकड्यांवर तिची नजर गेली, तेव्हा दिसलं की मध्येच एक आकडा गाळलेला आहे. ओळ काढलेली नव्हती, झाकलेली होती. माणसाला न दिसणारी, पण फाइलमध्ये जिथल्या तिथे असलेली. आणि जावाला दिसणं-न दिसणं कळत नाही. जे आहे ते ती वाचते.

ओळ उघडली. आईंचं नाव, आडनाव, पत्ता, गाडी नंबर. शेवटच्या चौकटीत ताईंनी लिहिलेली सूचना: चाकाची खुर्ची, डावा हात सांभाळावा. सुया त्याच हातात टोचत, म्हणून त्या हाताला कुणी धरायचं नाही.

सूनबाईने ताईंना फोन केला. मामांकडून त्यांना कळलंच होतं. मोबाइलवर पहिलं नाव येत नसे, आडनाव, पत्ता आणि सूचना तेवढी, म्हणून मामांना वाटलं होतं, की आता आप्पांनाच डायलिसिस लागलं. केंद्रात आप्पा आत न जाता बाहेरच्या बाकावर बसले, तेव्हा नर्सला वाटलं, करमत नसेल म्हणून आले. तिने त्यांना पाणी दिलं. डायलिसिसच्या खुर्च्यांवर कुणाला बसवायचं याची यादी नर्सची वेगळी असायची, त्यामुळे तिला काही खटकलं नाही.

मग ताईंनी सांगितलं, की ओळ काढून टाकली तर खालची सगळी बेरीज-वजाबाकी बिघडते, म्हणून त्या कुणालाच काढत नाहीत. कुणी गेलं की त्याचा गाडी नंबर पुसतात आणि ओळ झाकतात. इतक्या वर्षांत किती ओळी झाकल्या, त्यांनी मोजलं नव्हतं.

"आईंची झाकली," ताई म्हणाल्या. "गाडी नंबर पुसायला मात्र हात गेला नाही माझा. म्हटलं, असू दे. झाकलेलं कोण बघतंय."

आता पुसू का, असं त्यांनी विचारलं. सूनबाई नको म्हणाली. आज एकीचा राहिला, उद्या दुसऱ्या कुणाचा राहील. प्रोग्रामलाच सांगायला हवं, की झाकलेली ओळ वाचू नकोस. एका ओळीचं काम आहे. आजच करते.

आणि तिने केलं. ओळ झाकलेली असेल तर सोडून पुढे जा, एवढंच लिहायचं होतं. लिहिलं, तपासलं. चाललं.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा आप्पा परतले होते. ताटावर बसले. कोशिंबीर वाढताना ते आपणहून म्हणाले, की केंद्रातलं पाण्याचं मशीन बदललंय. गार पाणी फारच गार येतं. आई गेल्यापासून त्यांनी बोललेलं हे पहिलं अख्खं वाक्य होतं. मग त्यांनी सांगितलं, की हवालदार बारीक झालेत पण मिशा तशाच आहेत, आणि बाकाचा पाय अजून डुगडुगतो, कुणी दुरुस्त करत नाही. जेवण झाल्यावर त्यांनी आपलं ताट उचलून नेलं.

नवऱ्याला तिने फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, बरंच झालं की, जाऊ दे ना त्यांना, कुणाचं काय जातंय. आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, पाण्याबद्दल बोलले?

दुसऱ्या दिवशी ऑफिसात, संध्याकाळचे पत्ते जायच्या आत, सूनबाईने प्रोग्राममधली ती नवीन ओळ पुन्हा उघडली. तिच्या सुरुवातीला दोन तिरक्या रेघा दिल्या. जावात ओळीपुढे अशा दोन रेघा दिल्या, की ओळ जागेवर राहते पण मशीन ती वाचत नाही. पुसायला नको, काही नको.

पत्ते गेले. तळाशी एक पत्ता दुसऱ्या फेरीत पडलेला तिने पाहिला. गाडीतल्या जागा ठरलेल्या होत्या. प्रोग्राम वरून एकेकाला बसवत यायचा आणि उरेल त्याला दुसऱ्या फेरीत टाकायचा. आईंची ओळ जुनी, म्हणून वर होती. तळाची ओळ टेलरबाईंची होती. सूनबाईने ते नाव वाचलं. तिला काही वाटलं नाही. तिने संगणक बंद केला.

मग एक दिवसाआड गाडी येत राहिली. हॉर्न वाजला की आप्पा तयारच असायचे. दाढी करू लागले. निळ्या पिशवीत त्यांनी बिस्किटांचा पुडा ठेवायला सुरुवात केली, बाकावरच्या लोकांसाठी. एकदा ते सूनबाईला म्हणाले, की तिच्या हातची भाजी हल्ली अळणी होते. ती चाखून पाहत नसे. तिने चाखून पाहिली, तेव्हा खरंच मीठ नव्हतं.

ताईंनी एकदा फोनवर विचारलं, की ते प्रोग्रामचं झालं ना? सूनबाई खोटं बोलत नसे. लिहून ठेवलंय, ती म्हणाली. ताईंनी पुढे विचारलं नाही. त्यांनाही गाडी नंबर पुसता आला असता. त्यांनीही पुसला नाही.

टेलरबाई केंद्रापासून लांब राहायच्या. दुकान त्यांनी बंद केलं होतं, पण हात थांबलेला नव्हता. बाकावर बसल्या बसल्या कुणाचं बटण, कुणाची शिवण करून द्यायच्या. आईंच्या सगळ्या कपड्यांची डावी बाही उसवून, तिला टिचबटणं लावून देणाऱ्या त्याच. सुया टोचताना बाही वर गुंडाळली की हाताला काचायची. टिचबटणं उघडली की हात मोकळा. पैसे विचारले तर म्हणाल्या होत्या, मला नवीन कपडा शिवायला सांगाल तेव्हा लुटेन.

आपल्यामुळे टेलरबाई दुसऱ्या फेरीत गेल्या, हे आप्पांना कसं कळलं ते सूनबाईला मागाहून मामांनी सांगितलं. त्या दिवशी मशीन उशिरा मिळालं म्हणून टेलरबाईंचं डायलिसिस अर्ध्यात आवरावं लागलं. बाहेर आल्या तेव्हा त्यांचे पाय सुजून चपलांच्या पट्ट्यांतून वर आले होते. आप्पांनी विचारलं, की तुम्ही पूर्वी आमच्याबरोबर पहिल्याच फेरीत असायचात ना. टेलरबाई म्हणाल्या, काय माहीत, आता नंबर मशीन लावतं. आणि मामा, त्यांच्या मनात काही नसताना, सहज बोलून गेले, की आप्पा तुम्ही यायला लागल्यापासून एक जागा कमी पडते.

परत येताना आप्पा गाडीत बसले नाहीत. उभे राहिले. मामांनी खूप सांगितलं, की ही गाडी आहे, बस नाही, पडाल. ते दांडीला धरून घरापर्यंत उभेच आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाई दिवा लावत होती. आप्पा येऊन तिच्या शेजारी जमिनीवर बसले. गुडघे दुखायचे त्यांचे, ते जमिनीवर कधी बसत नसत. वात सारखी करून तिने त्यांच्याकडे पाहिलं.

"तू बोलू नकोस," आप्पा म्हणाले. "म्हणूनच आत्ता सांगायला आलोय. नाहीतर तू मला समजावत बसशील."

ती बसून राहिली.

"गाडी माझ्यासाठी येत नाही, हे मला पहिल्या दिवशीच कळलं. मामाच्या मोबाइलवर खाली लिहिलं होतं, डावा हात सांभाळावा. माझा डावा हात धडधाकट आहे." त्यांनी तो उताणा करून पाहिला. "चूक कशी झाली ते तुम्हा लोकांना माहीत. मी नाही विचारत. पण बोलावणं तिला आलं होतं. कुणीतरी उठून जायला नको का?"

दिव्याची ज्योत त्यांच्या बोलण्याने हलत होती. त्यांनी तोंड जरा बाजूला केलं.

"शेवटी शेवटी ती म्हणायची, आज नको जाऊ या. मी ऐकलं नाही कधी. उठवून न्यायचो. तिला आता उठवता येत नाही, तर मी उठलो. बरं वाटलं मला, खोटं कशाला सांगू." त्यांनी गुडघा चोळला. "पण त्या शिंपीणबाईची जागा आहे ती. दुसऱ्याच्या तिकिटावर बसलेल्यांना जन्मभर खाली उतरवलंय मी. काढ तिचं नाव."

सूनबाईने मान हलवली.

"पुसू नकोस पण," आप्पा म्हणाले. "तसं काही करता येतं का?"

तिने पुन्हा मान हलवली. आप्पा तिच्या खांद्याला धरून उठले आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसले. त्यांच्या हाताचा भार गेल्यावरही तिच्या खांद्यावर तो जाणवत राहिला. बऱ्याच महिन्यांत तिला जाणवलेली ती पहिली गोष्ट होती, आणि ती काय आहे हे तिला ओळखता आलं नाही. तिने मणी हातात घेतले. पहिल्यापासून सुरुवात केली.

ऑफिसात जाऊन तिने त्या दोन तिरक्या रेघा काढून टाकल्या. मग टेलरबाईंना फोन केला. उद्यापासून तुम्ही पहिल्या फेरीत आहात, असं सांगितलं. मध्ये जे झालं ते माझ्यामुळे झालं, हेही सांगितलं, आणि कसं ते सगळं सांगितलं. मग टेलरबाईंनी विचारलं, की आप्पा आता येणार नाहीत का. बिस्किटं चांगली आणायचे. सूनबाई म्हणाली, मी विचारते त्यांना. त्या म्हणाल्या, बस येते की केंद्रापर्यंत, कंडक्टरला बस सांगायला लागते का.

संध्याकाळी प्रोग्राम चालला. आटोपल्यावर किती ओळी वाचल्या आणि किती सोडल्या ते स्क्रीनवर आलं. पत्त्यांमध्ये दुसऱ्या फेरीत कुणी नव्हतं.

सकाळी आप्पा नेहमीप्रमाणे उठले. दाढी केली, धुतलेला शर्ट घातला आणि खिडकीत उभे राहिले. सूनबाईचा जप चालू होता. रस्त्याच्या टोकाला मामांची गाडी दिसली. ती वळली नाही. तशीच सरळ गेली.

"गेली," आप्पा म्हणाले.

थोड्या वेळाने त्यांनी निळी पिशवी आणली आणि पलंगावर रिकामी केली. चादर, पातळ ब्लँकेट, उघडलेला बिस्किटांचा पुडा, आणि तळाशी घडी घालून ठेवलेला आईंचा गाऊन. त्याची डावी बाही खांद्यापासून मनगटापर्यंत उघडी होती. शेवटच्या दिवशी उघडली ती तशीच राहिली होती.

"हे कुठे ठेवायचं?" आप्पांनी विचारलं.

जप अजून पुरा झाला नव्हता. सूनबाई उठली. तिने कपाट उघडलं, आपल्या कपड्यांची चळत एका हाताने बाजूला सारली आणि फळीवर जागा केली. मग गाऊन मांडीवर घेऊन पलंगावर बसली आणि खांद्याकडून सुरुवात करून एकेक टिचबटण दाबून लावू लागली. खोलीत तेवढाच आवाज होत होता. मनगटाजवळचं शेवटचं बटण तिला नीट दिसेना. आप्पांनी वाकून ते लावून दिलं.